पि., भ्र. आणि खुद्द

संगणक विभागाच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती आणि ती मीच रंगवली होती. यंत्र बसवायला आलेल्या माणसांनी बजावून सांगितलं होतं की याला धूळ अजिबात चालत नाही. परंड्याकडच्या त्या माळावर पाऊस हुकलेल्या वर्षी धुळीशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? मी मान डोलावली, पाटी लावली आणि दिवसातून दहा वेळा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यापाशी अडवून हुज्जत घालू लागले. हुज्जत घालायला मला मनापासून आवडतं. आजही आवडतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचा जिल्हा कागदावर उस्मानाबाद होता, बोलण्यात धाराशिव. सहकारी साखर कारखाना नवाच होता. चेअरमननी पश्चिमेकडच्या कुठल्याशा कारखान्यात संगणक पाहिला आणि आपल्याकडंही पाहिजेच असा हट्ट धरला. यंत्र आलं, एअरकंडिशनर आला, खिडक्यांना जाड पडदे आले, पण चालवायला माणूस मिळेना. पुण्यामुंबईचं कोणी इथं येऊन राहायला तयार नव्हतं. मी धाराशिवच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, त्यावर पुण्यात वर्षभराचा संगणकाचा कोर्स केलेला, आणि राहायला आपल्याच जिल्ह्यात एका पायावर तयार. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीत पगाराची नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. आई भेटेल त्याला सांगायची, “आमची पोरगी थंड खोलीत बसती.” तिथं बसून काय करते ते तिला सांगता यायचं नाही. खरं म्हणजे पहिले दोन महिने मलाही सांगता आलं नसतं.

थंड खोलीत माझ्याखेरीज एकच माणूस बसायचा, तो म्हणजे टायपिस्ट काका. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, पुढं मराठी-इंग्रजी टायपिंग शिकून तहसील कचेरीत जन्म काढलेले आणि निवृत्तीनंतर कारखान्यात आलेले. मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाई म्हणायचे, माझ्या अडीचपट वयाचे असूनही अहोजाहो करायचे. कामात त्यांचा एकच नियम होता. चिठ्ठीत जसं असेल तसंच यंत्रात घालायचं, आपलं डोकं लावायचं नाही. चिठ्ठीत चूक असली तर ते चूकही जशीच्या तशी टाइप करत. या नियमापायी मी त्यांच्यावर किती चिडायची, ते माझं मला माहीत.

चिठ्ठी म्हणजे ऊसनोंदीची चिठ्ठी. शेतकऱ्यानं ऊस लावला की कारखान्याचा माणूस बांधावर जाऊन नोंद करायचा. या माणसाला चिटबॉय म्हणत, पण आमच्यातल्या निम्म्या चिटबॉयना नातवंडं होती. नाव, गट नंबर, लागणीची तारीख, गाव, असं सगळं ते एकाच ओळीत लिहून आणत. खरं तर यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा रकाना असलेला प्रोग्रॅम मला मिळणार होता. तो यायला उशीर झाला. तोवर काका हातावर हात ठेवून बसतील असं शक्यच नव्हतं. त्यांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुढं ओढले आणि एका चिठ्ठीची एक ओळ, अशा ओळीमागून ओळी टाइप करत सुटले. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी नावं इंग्रजी अक्षरांत. प्रोग्रॅम येऊन पोचला तेव्हा आठ हजारांवर ओळी आत गेल्या होत्या आणि त्यातली एकही त्या रकान्यांत बसत नव्हती.

दिवाळी जवळ आली तसे शेतकी अधिकारी आमच्या खोलीत आले. चपला काढण्यावरून माझी त्यांच्याशी आधीच दोनदा जुंपली होती, त्यामुळं त्यांचा चेहरा आंबट होता.

“बाई, गाळप तोंडावर आलंय,” ते म्हणाले. “मला तोडणीचा कार्यक्रम लावायचाय. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. गाववार आन् तारीखवार यादी पायजे. तुमचं यंत्र देतंय, का म्या आपली वही काढू?”

मी काकांकडं पाहिलं. सगळं पुन्हा, रकान्यांत टाइप करायचं का, एवढंच विचारायचं होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“येकदा लिव्हलेलं म्या दुसऱ्यांदा लिव्हत न्हाय,” ते म्हणाले.

“टाइप करायची गरजच नाही,” मी ताठ मानेनं म्हटलं. “आहे त्या ओळींतून मी हवं ते काढून देते. आठ दिवसांत.”

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं? आदल्याच आठवड्यात मी यंत्रासोबत आलेल्या जाडजूड पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं होतं. रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची भानगड. मी तिला आपलं साधं ‘नमुना’ म्हणायची. लहानपणी आई मला आठवडी बाजारात मामाला शोधायला पाठवायची तेव्हा सांगायची, “लाल फेटा बघ, काखंत छत्री बघ, आन् मागं शेळी. मधी कुनी बी असू दे.” यात मामाचं नाव कुठंच नाही, पण एवढ्या खुणांवर मी कोणाचाही मामा हुडकून आणला असता. यंत्राला नमुना सांगायचा तो अगदी असाच. आधी काही अक्षरं, मग अमुक खूण, मग कितीही अक्षरं, मग आकडे, मग आडवी रेघ, मग आकडे. ज्या ओळीत हा क्रम जुळेल तिच्यातला हवा तो तुकडा उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. तुकड्यांची जागा ठरलेली नसली तरी चालते, त्यांचा क्रम ठरलेला असला की झालं. ते प्रकरण वाचताना मला जेवायची आठवण राहिली नव्हती.

खूण मला लगेच सापडली. वरच्या शंभरेक ओळी मी डोळ्यांखालून घातल्या तर प्रत्येकीत तेच दिसलं. आमच्या मराठवाड्यात जमिनीच्या कागदांवर नाव लिहायची जुनी रीत आहे. आधी माणसाचं नाव, मग ‘पि.’, म्हणजे पिता, मग बापाचं नाव आणि आडनाव. चिटबॉयही त्याच रीतीनं लिहायचे. म्हणजे पि.च्या अलीकडचं ते शेतकऱ्याचं, पलीकडचं ते बापाचं. इतकं सोपं! मी यंत्राला सांगितलं, पी, आय आणि टिंब शोध, आणि तिथून ओळ दुभंगून टाक.

पहिल्या फेरीत पिंपळगावच्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांच्या बापाचं नाव ‘पळगाव’ निघालं.

काका पडद्याजवळ तोंड नेऊन ते वाचत राहिले. “येवढ्या मोठ्या गावाला येकच बाप,” ते म्हणाले, आणि मग त्यांना असं हसू लोटलं की खुर्ची मागं सरकली. मीही हसले, पण आतून चडफडत होते. पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की नमुन्याच्या भाषेत टिंब म्हणजे टिंब नव्हेच. टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. शिवाय नमुना मोठा हावरा असतो, जुळणारं ठिकाण पहिलं सापडलं तरी थांबत नाही, ओळीच्या शेवटापर्यंत पळून शेवटचं धरतो. ओळीच्या शेवटी गाव होतं, आणि पिंपळगावात पी, आय आणि पुढं एक अक्षर होतंच. टिंबाला टिंबच समजावं असं वाटत असेल तर त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ती रेघ दिली आणि पिंपळगावकरांना आपापले बाप परत मिळाले.

मग गट नंबर काढला. मग तारीख. काही चिटबॉय तारखेत आडवी रेघ देत, काही तिरकी, एक महाभाग नुसती मोकळी जागा सोडायचा. तिन्ही चालतील असं नमुन्यात लिहिलं. सातव्या दिवशी दुपारी पडद्यावर हिरव्या अक्षरांत रकानेच्या रकाने सरळ उभे राहिले. नाव, बाप, गट, तारीख, गाव. विस्कटलेल्या आठ हजार ओळी मी दोन ओळींच्या नमुन्यानं विंचरून काढल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून चक्क दोन गिरक्या घेतल्या.

“बाई, बरं वाटंना का?” काकांनी विचारलं.

गुरुवारी कच्ची यादी गावोगावच्या गट ऑफिसात लागली. गट ऑफिस म्हणजे पाच-सहा गावांमिळून कारखान्याची एक खोली. शनिवारी दुपारी चार वाजता पक्की यादी घेऊन जीप निघणार होती. एकदा पक्की लागली की पहिल्या तोडीत बदल नाही. अधिकाऱ्यांनीसुद्धा मान्य केलं की वहीपेक्षा हे बरं दिसतंय. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल. एसटीनं आणि पुढं पायी आली होती, पायांवर घोट्यापर्यंत धूळ होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं चपला काढल्या आणि विचारलं, “पाय बी पुसू का?”

मी म्हटलं, राहू द्या मावशी, या. ती आत आली आणि गार वाऱ्याच्या झोताखाली फरशीवर मांडी घालून बसली.

“लई गार हाय गं हितं,” ती म्हणाली. “माझ्या हिरीत पानी न्हाय, आन् यंत्राला गारवा.” तक्रार नव्हती, तिला खरोखरच मौज वाटत होती. मग तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून नोंदीच्या चिठ्ठीची कार्बन प्रत काढली, जेमतेम नाव-गाव लागेल इतकी पुसट. “माझं नाव यादीत न्हाय.”

“यादी यंत्रानं काढलीय मावशी,” मी म्हटलं. “यंत्र चुकत नाही.”

हे वाक्य मी उच्चारलं याची मला अजून लाज वाटते.

“मग म्या चुकली असंल,” ती शांतपणे म्हणाली. “पर ऊस तर हुबा हाय.”

तिचा ऊस आडसाली होता, म्हणजे आदल्या वर्षीच्या आषाढात लावलेला, सगळ्यांच्या आधीचा. हिशेबानं तिची तोड पहिल्याच यादीत यायला हवी होती. विहिरीत आठ-दहा दिवसांचं पाणी उरलं होतं. पहिल्या यादीत नाव आलं नाही तर पाळी थेट माघ-फाल्गुनात येणार. “पैल्या यादीत आलं तर ऊस कारखान्याला,” ती म्हणाली, “न्हाय आलं तर चुलीला. दीड वरीस पोसलाय गं त्याला.”

मी यादीत तिचं गाव काढलं, वरून खाली दोनदा पाहिलं. नाव नव्हतं. “नोंदच झाली नसेल,” मी म्हटलं.

“नोंद झालीया,” काका मागून म्हणाले. “ही चिठ्ठी म्या टाइप केलीया.”

आता मला राग आला. काकांचा आला की यंत्राचा, सांगता येत नाही. मी यादी बाजूला ठेवली आणि मूळ फायलीत, काकांनी टाइप केलेल्या कच्च्या ओळींत, यंत्राला तिचं नाव शोधायला सांगितलं. नाव आमच्याकडं घरोघर असतं तसलं. पडदा भरून ओळी आल्या आणि भराभर वर सरकून गेल्या. पुन्हा भरला, पुन्हा गेल्या. मी पडदा थांबवला. समोर वीस-पंचवीस ओळी होत्या, सगळ्या त्याच नावाच्या बायांच्या, वेगवेगळ्या गावांतल्या. आणि त्यातल्या एकीतही पि. नव्हतं. पि.च्या जागी बी, एच, आर आणि टिंब होतं.

“काका, हे काय आहे?”

“भ्र. म्हंजी भ्रतार,” काका म्हणाले. “बायांच्या नावाम्होरं पि. कसं यील? बाया नवऱ्याच्या नावानं लागत्यात. निजामाच्या टायमापास्नं हीच पद्धत हाय.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं न्हाय.” मग जरा थांबून, अगदी निरागसपणे, “आन् तुमी बी बाईच की. तुमाला ठावं आसंल असं वाटलं.”

मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात सात-बाराच नव्हता. जमीनच नाही तर आईच्या नावापुढं पि. लागतं की भ्र. हे बघायची वेळ कधी आली नव्हती. मी पाहिलेल्या पहिल्या शंभर ओळी पुरुषांच्या होत्या आणि मी तेवढ्यावर सगळा तालुका ओळखला होता. नमुना न जुळलेली ओळ ओरडत नाही. ती गुपचूप मागं राहते. यंत्रात गेलेल्या ओळी किती आणि यादीत निघालेल्या किती, एवढी साधी मोजणी मी केली नव्हती, कारण माझं चुकलंच नसणार याची मला खात्री होती. बाकीच्या बायांच्या घरी कोणी ना कोणी पुरुष म्हणाला असेल की येईल पुढच्या यादीत. हिच्या घरी तसं म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ही आली.

बहात्तरच्या दुष्काळात मी सहा-सात वर्षांची होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मी तिच्या मागं. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा आणि आईचं नाव आलं की ती “हाय!” म्हणून अशी ओरडायची की सगळी रांग हसायची. मला फार ओशाळं व्हायचं. एकदा मी विचारलं, एवढं ओरडतेस कशाला? ती म्हणाली, “येक डाव हळू बोलले तर खाडा लावला त्यानं. म्या समोर हुबी असून.” आणि त्याच बाईच्या पोरीनं थंड खोलीत बसून चारशेवर बायांचा एका दमात खाडा लावला होता. मला रडू आलं असतं, पण जीप चारला होती.

नमुन्यात ‘हे किंवा ते’ लिहायची सोय असते. मधे एक उभी रेघ द्यायची. मी लिहिलं, पि. किंवा भ्र., यापैकी काहीही चालेल. फेरी सुरू केली. दहा-बारा मिनिटांनी बाया यायला लागल्या. पडद्यावर रकान्यांमागून रकाने, गावागावांतून, पुरुषांच्या मधेमधे. मी एक-एक नाव मोठ्यानं वाचू लागले तशी मावशीही पुढं सरकून पडद्याकडं पाहू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण कान टवकारले होते. “ही आमच्या पल्याडच्या गावची,” ती मधेच म्हणायची. “हिच्याकडं ऊस हाय? तिच्या नावावर? मला न्हवतं ठावं गं!” आम्ही दोघी त्या यादीत इतक्या रंगलो की काकांनी तीन कप चहा मागवला. खोलीत चहा आणायला मीच बंदी घातली होती. कोणी आठवण काढली नाही.

मग तिचं गाव आलं. मी वाचत गेले. गाव संपलं. तिचं नाव आलं नाही.

मावशीनं चिठ्ठी परत उघडून पाहिली, जणू तीच खोटी निघाली.

या वेळी मात्र मी शहाणी झाले होते. आधी मूळ ओळी मोजल्या, मग निघालेल्या मोजल्या. एक कमी. आठ हजारांत बरोबर एक कमी, आणि ती एक माझ्यासमोर फरशीवर बसली होती. मी यंत्राला उलटं सांगितलं, नमुना जुळत नाही तेवढी ओळ दाखव. पडद्यावर एकच ओळ आली. नाव, आडनाव, आणि त्या दोहोंच्या मधे, जिथं पि. किंवा भ्र. यायचं, तिथं ‘खुद्द’.

मी काकांकडं वळले. काका आधीच छताकडं बघत होते.

“चिठ्ठीत जसं, तसं,” ते म्हणाले.

“त्यो चिटबॉय मला म्हनला, भ्रताराचं नाव सांगा,” मावशी म्हणाली. “म्या म्हनलं, त्यो गेला तवा माझी धाकली रांगत हुती. रान माझ्या बापानं माझ्या नावानं केलं. हीर म्या खांदली, ऊस म्या लावला. त्यानं येक दिस पान्याचं दारं धरलं न्हाय. त्याचं नाव कशापायी? मग म्हनला, बापाचं लावू? म्या म्हनलं, बाप बी आता न्हाय. म्या हाय की. तर त्यानं डोकं खाजवलं आन् लिव्हलं कायतरी.”

डोकं खाजवणाऱ्या त्या चिटबॉयला मी मनातल्या मनात नमस्कार केला. जमीन स्वतः कसणाऱ्याला जुन्या कागदांत खुदकास्त म्हणतात, तिथूनच त्याला सुचलं असणार. आणि काकांनी त्यात आपलं डोकं न लावता ते जसंच्या तसं आत घातलं होतं. त्यांनी ‘सुधारून’ भ्र. केलं असतं तर पुढं कोणाचं नाव लिहिणार होते?

सव्वातीन वाजता शेतकी अधिकारी आले. चपला न सांगता काढल्या. सगळं ऐकून घेतलं आणि, मला वाटलं होतं तसे चिडले नाहीत. “चारशे बाया सुटल्या असत्या व्हय?” असं स्वतःशीच म्हणाले. मग खिशातला पेन काढून म्हणाले, “येकच ओळ ऱ्हायली न्हवं? गावाच्या यादीखाली शाईनं लिव्हा. म्या सही करतो. संपला विषय.”

माणूस भल्या मनानं म्हणत होता आणि वेळही नव्हता. मी हो म्हणणारच होते.

“न्हाय सायेब,” मावशी म्हणाली. ती आता उभी राहिली होती. “हातानं लिव्हलेलं हातानं खोडता येतंय. समद्यांचं यंत्रातनं आलंय, माझं बी तितनंच येऊ द्या.”

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि पेन खिशात ठेवला. मी खुर्ची पुढं ओढली. दुसरी उभी रेघ दिली आणि तिच्यापुढं खुद्द लिहिलं. पि. किंवा भ्र. किंवा खुद्द. घाईत एकदा स्पेलिंग चुकलं, काकांनी मागून बोट ठेवून दाखवलं. फेरी सुरू केली. मोजलं. जितक्या आत, तितक्या बाहेर. मग पक्की यादी प्रिंटरवर सोडली. तो किरकिर करत पान पुढं ढकलू लागला आणि मी तिच्या गावाचं पान येईपर्यंत त्याच्यापाशीच उभी राहिले.

तारखेप्रमाणं लावलेल्या यादीत तिचं नाव सर्वांत वर आलं. तिच्याआधी त्या गावात कोणीच ऊस लावला नव्हता.

“मावशी, पहिला नंबर.”

“पैला?”

“पहिला.”

“माझ्यावर कुनीच न्हाय?”

“वर फक्त गावाचं नाव आहे.”

ती हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. मग माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. अधिकारीही हसू लागले. म्हणाले, “चला, जीपमधी बसा, तुमच्या गावावरनंच जायचंय.” ती यादीची भेंडोळी छातीशी धरून पुढच्या सीटवर बसली. गट ऑफिसात पोचल्यावर तिनं कागद कोणाच्या हाती दिला नाही, स्वतःच भिंतीला लावला, असं ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. कोपरा वाकडा लागला म्हणून दोनदा काढून लावला म्हणे.

गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा ऊस गाळपाला आला. विहिरीत तेव्हा तळ दिसत होता. उसाला काही झालं नव्हतं.

यादी गट ऑफिसच्या भिंतीवर हंगामभर राहिली. इंग्रजी अक्षरं येणारे वाचायचे, बाकीच्यांना वाचून दाखवायचे, आणि पहिल्या नावातलं ते ‘खुद्द’ काय आहे याची चर्चा व्हायची. ती चर्चा कुठवर गेली ते मला पुढच्या वर्षी कळलं. नव्या चिठ्ठ्या आल्या होत्या. प्रोग्रॅमचे रकाने काकांना कधीच आवडले नाहीत, ते आपले ओळी टाइप करत होते. एका सकाळी त्यांनी टाइप करता करता हात थांबवला.

“बाई, खुद्द.”

“मावशी असेल.”

“न्हाय. दुसरी हाय. दुसऱ्या गावची.”

दुपारपर्यंत ते आणखी दोनदा थांबले. चिठ्ठ्या संपेपर्यंत अकरा वेळा थांबले. कोणाचा नवरा नांदवत नव्हता, कोणाचा वारला होता, आणि दोघींचे नवरे तर घरात धडधाकट होते. चिटबॉयनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, भिंतीवर हाय तसं लाव. मी खुर्चीत सरसावून बसले. नमुना गेल्या वर्षीचाच होता, त्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. मी फेरी सुरू केली आणि अकराही जणी पहिल्याच झटक्यात बाहेर आल्या.